आठ महिन्यांचे खांदेदुखणे आणि पाण्याची बाटली

प्रश्न असा आहे: “माझे वय ४६. सहकारी बँकेत काउंटरवर काम करते. गेल्या दिवाळीच्या साफसफाईत दोन दिवस माळ्यावरची भांडी आणि डबे काढले, तेव्हापासून उजवा खांदा दुखतो. आता आठ महिने झाले. हात खांद्याच्या उंचीपर्यंत नेला की कळ येते, पण दुसऱ्याने धरून उचलला तर पूर्ण वर जातो. उजव्या कुशीवर झोपता येत नाही. साखर नॉर्मल आहे. एमआरआयमध्ये सुप्रास्पायनेटसला अर्धवट टेअर असल्याचे लिहिले आहे. फिजिओथेरपीच्या दहा-दहा सिटिंगचे तीन कोर्स झाले. तेवढ्यापुरते बरे वाटते, पुन्हा दुखते. एक डॉक्टर इंजेक्शन घ्या म्हणतात, दुसरे दुर्बिणीने ऑपरेशन करू म्हणतात, सासूबाई म्हणतात हाताला पूर्ण आराम दे. फाटलेल्या स्नायूला व्यायाम दिला तर तो आणखी फाटणार नाही का?”

ताई, तुम्ही विचारलेला प्रश्न फाटण्याचा आहे आणि त्याचे उत्तर मी देणारच आहे. पण तुमच्या मजकुरात त्याहून महत्त्वाचा एक प्रश्न दडलेला आहे. तीन वेळा बरे वाटून तीन वेळा दुखणे परत का आले, हा तो प्रश्न. मी कोल्हापुरात बावीस वर्षे फिजिओथेरपीचा दवाखाना चालवतो. माझ्याकडे येणाऱ्या जुन्या खांदेदुखीच्या रुग्णांपैकी फार थोड्यांना व्यायाम मिळालेला नसतो. बहुतेकांना तो मिळालेला असतो, पण चुकीच्या गोष्टीसाठी, ठरावीक मात्रेशिवाय, आणि दुखणे थांबताच सोडून दिलेला.

आधी मर्यादा सांगतो. मी तुमचा खांदा तपासलेला नाही. पडल्यानंतर किंवा हिसका बसल्यानंतर अचानक हात उचलताच येईनासा झाला असेल, तर पुढचे सगळे बाजूला ठेवून आठवड्याच्या आत हाडांच्या डॉक्टरांना दाखवावे, कारण ताज्या मोठ्या टेअरमध्ये वेळ दवडणे महागात पडते. दुखण्याबरोबर ताप, कारण नसताना घटणारे वजन, पूर्वी कर्करोगाचा इतिहास, बोटांपर्यंत जाणाऱ्या मुंग्या किंवा हातातली पकड सैल पडणे, यांपैकी काही असेल तरीही व्यायामाआधी डॉक्टरच गाठावेत. जिना चढताना खांदा दुखतो आणि थांबल्यावर दुखणेही थांबते असे होत असेल, तर तो खांदा नसून हृदयही असू शकते. तुमच्या वर्णनात यांतले काही दिसत नाही, म्हणून पुढे लिहितो.

तुम्ही सहज लिहून गेलात ते एक वाक्य मला सगळ्यात उपयोगी वाटले: दुसऱ्याने उचलला तर हात पूर्ण वर जातो. आपल्याकडे चाळिशीपुढच्या कोणत्याही खांदेदुखीला सरसकट ‘पीए शोल्डर’ म्हणण्याची पद्धत आहे. त्यातला पीए म्हणजे पेरिआर्थ्रायटिस. ड्युप्ले नावाच्या फ्रेंच शल्यविशारदाने हे नाव १८७२ साली वापरले आणि दीडशे वर्षांनंतरही ते आपल्या केसपेपरवर ठाण मांडून आहे. अडचण अशी की या एकाच नावाखाली दोन अगदी निराळी दुखणी एकत्र येतात. एकात सांध्याभोवतीची पिशवी आक्रसते, त्याला आपण जखडलेला खांदा किंवा फ्रोझन शोल्डर म्हणतो. त्यात हात तुम्हीही वर नेऊ शकत नाही आणि दुसराही नेऊ शकत नाही. दुसऱ्यात सांधा मोकळा असतो, पण त्याला हलवणारे स्नायू आणि त्यांच्या कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारे दोर, भार घेताना कुरकुरतात. घरच्या घरी पाहायचे असेल तर खुर्चीत बसा, कोपर कमरेला चिकटवून काटकोनात वाकवा आणि घरातल्या कोणाला तरी तुमचा पंजा हळूच बाहेरच्या बाजूला फिरवायला सांगा. दुखऱ्या बाजूला तो निरोगी बाजूइतका बाहेर गेला, तर खांदा जखडलेला असण्याची शक्यता फार कमी. निम्म्यावरच अडला, तर मात्र मी खाली लिहितो तो मार्ग तुमचा नव्हे. तेव्हा एक्स-रे, साखर आणि थायरॉइड या तपासण्या करून वेगळा विचार करावा लागेल.

हा फरक मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. व्यवसायाच्या दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी एक बाई आल्या होत्या, मधुमेही, रात्र रात्र झोप नाही. खांदा जखडायला नुकती सुरुवात झाली होती, म्हणजे सर्वांत दाहक काळ. मी तरुण आणि उत्साही होतो. रोज हात धरून, त्यांच्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत ताणत राहिलो. तीन आठवड्यांत हात होता त्याहून खाली आला. त्यांनी तक्रार केली नाही, नुसत्या यायच्या थांबल्या. त्या टप्प्यावर खांद्याला शांत करणे हाच उपचार असतो, हे तेव्हा मला कळायला हवे होते.

आता टेअरबद्दल. खांद्याचा सांधा म्हणजे उथळ बशीवर टेकवलेले मोसंबे. ते घसरू नये म्हणून चार लहान स्नायू त्याला चहूबाजूंनी धरून असतात, त्यांच्या कंडरांच्या एकत्र वेढ्याला रोटेटर कफ म्हणतात, आणि तुमचा सुप्रास्पायनेटस त्यांतला वरचा. ‘टेअर’ हा शब्द वाचला की डोळ्यांपुढे धोतर टरकन फाटल्यासारखे काहीतरी येते. प्रत्यक्षात मध्यम वयातला बहुतेक अर्धवट टेअर हा वापरलेल्या दोराचे काही धागे झिजून विसविशीत व्हावेत तसा असतो. ज्यांचा खांदा मुळीच दुखत नव्हता अशा ४० ते ७० वयाच्या ५१ पुरुषांची सोनोग्राफी अमेरिकेतल्या संशोधकांनी २०११ साली प्रसिद्ध केली. त्यांतल्या ९६ टक्के खांद्यांत काही ना काही दोष दिसला, काहींत टेअरही. म्हणजे तुमच्या डाव्या, न दुखणाऱ्या खांद्याचा एमआरआय काढला तरी अहवाल कोरा येईलच असे नाही. तुमचे दुखणे खोटे आहे असा याचा अर्थ मुळीच नाही. अहवालातला शब्द आणि तुमची कळ यांचा संबंध तुम्हाला सांगितला गेला तितका सरळ नाही, इतकेच मला म्हणायचे आहे.

व्यायामाने तो आणखी फाटेल का? बेतशीर सुरू करून हळूहळू वाढवलेल्या भाराने अर्धवट टेअर फाटत गेल्याचा अनुभव मला नाही. मात्र व्यायामाने ते धागे पुन्हा पहिल्यासारखे जुळतात असेही मी सांगणार नाही. काही टेअर वर्षानुवर्षे तेवढेच राहतात, काही वयाबरोबर थोडे वाढतात, आणि तरीही माणूस दुखण्यातून बाहेर येतो, कारण उरलेली कंडरा, बाकीचे तीन स्नायू आणि खांद्याचे पाते धरणारे पाठीतले स्नायू मिळून तो भार पेलायला शिकतात. सासूबाईंच्या सल्ल्यामागची काळजी मला समजते, पण पूर्ण आराम दिल्यास नेमकी ही पेलण्याची ताकद घटते. चालायची सवय नसलेला माणूस आषाढीत एकदम पालखीबरोबर दिवसाला वीस किलोमीटर चालू लागला तर त्याच्या पोटऱ्या भरून येतात. त्यावर पुढचे अकरा महिने पलंगावर घालवून पुढच्या वारीला पाय बरे होतील असे कोणी म्हणत नाही. तुमच्या खांद्याने वर्षभर काउंटरच्या उंचीवर काम केले आणि दिवाळीत दोन दिवस डोक्याच्या वर. तिथे ही गोष्ट सुरू झाली.

आता ते तीन कोर्स. तुम्ही तपशील दिलेला नाही, पण मला मिळणारे जुने केसपेपर इतके सारखे असतात की अंदाज करायला हरकत नाही: शेक, मशीनच्या मुंग्या, अल्ट्रासाउंड, आणि शेवटी पाच मिनिटे पुली, भिंतीवर बोटे चालवणे व हात लोंबकळत ठेवून गोल फिरवणे. मशीनने घटकाभर बरे वाटते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझी हरकत त्या तीन व्यायामांना आहे. ते तिन्ही हालचाल परत मिळवण्याचे व्यायाम आहेत आणि तुमची हालचाल गेलेलीच नाही. तुमची कमी झाली आहे ती ताकद, आणि ताकदीसाठी तीस दिवसांत कोणी तुमच्या हातात अर्धा किलोही दिला नसावा. दुखणे कमी झाले, कोर्स संपला, तुम्ही पुन्हा वरच्या फडताळातला डबा काढलात, आणि खांदा होता तितकाच दुबळा असल्याने पुन्हा दुखला. मला यात गूढ असे काही दिसत नाही.

मी माझ्या रुग्णांना कसे नेतो ते सांगतो. हे तुमच्या खांद्यावर जसेच्या तसे बसेल असे नाही. एकदा कोणीतरी प्रत्यक्ष पाहून सुरुवातीचा भार ठरवून दिलेला बरा.

पहिले दोन-तीन आठवडे खांद्याला शांत करण्याचे. हात डोक्याच्या वर नेण्याची कामे थांबवावीत, पण हात गळ्यात बांधून बसू नये. कमरेपासून छातीपर्यंतच्या उंचीची सगळी कामे चालू ठेवावीत. या काळात मी जागच्या जागी जोर देण्याचे व्यायाम देतो. उजवी बाजू भिंतीकडे करून उभे राहायचे, कोपर अंगाशी काटकोनात, पंजाची मागची बाजू भिंतीला टेकलेली, आणि निम्म्या ताकदीने भिंत बाहेर ढकलत तीस ते पंचेचाळीस सेकंद राहायचे. असे पाच वेळा, दिवसातून दोनदा. हात हलत नाही म्हणून कळ येत नाही आणि स्नायूला काम मिळते. त्याबरोबर स्वयंपाकाच्या ओट्यावर फडके ठेवून दोन्ही हातांनी ते पुढे सरकवत नेणे, मग तेच भिंतीवर वर सरकवत नेणे. भिंतीवर फडके बिनकळीचे कुठपर्यंत गेले तिथे पेन्सिलने बारीक खूण करून तारीख लिहावी. भिंत खराब केल्याबद्दल घरचे बोलले तर माझे नाव सांगा.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून खरे काम सुरू होते, आणि इथेच बाटली येते. एक लिटरची पाण्याची बाटली घ्यावी आणि घरातल्या मापाने शंभर शंभर मिलिलिटर पाणी ओतत तिच्यावर मार्करने दहा रेघा माराव्यात. शंभर मिलिलिटर म्हणजे शंभर ग्रॅम. जिममधल्या डंबेलमध्ये एक किलोवरून थेट दोनवर उडी असते, ती दुखऱ्या खांद्याला झेपत नाही. डाव्या कुशीवर झोपून, उजवे कोपर कमरेशी, काखेखाली घडी केलेला छोटा टॉवेल, हातात दोनशे ग्रॅमची बाटली, आणि पंजा जमिनीकडून वर, आडव्या रेषेपर्यंत. वर नेताना एक अंक, खाली आणताना तीन अंक मोजायचे, कारण बहुतेक लोक हात खाली सोडून देतात आणि अर्धा फायदा तिथेच जातो. दुसरा व्यायाम, खिडकीच्या गजाला रबरी पट्टा बांधून कोपरे मागे ओढण्याचा. तिसरा, भिंतीवर जोर काढण्याचा, जो पुढे ओट्यावर आणि जमल्यास आणखी खालच्या आधारावर न्यायचा. चौथा, अंगठा वर ठेवून हात समोर आणि बाजूच्या मधल्या दिशेने खांद्याच्या उंचीपर्यंत उचलण्याचा. हा सुरुवातीला रिकाम्या हाताने. प्रत्येकाच्या आठ ते बारा आवृत्त्या, तीन वेळा, मध्ये दीड-दोन मिनिटांची विश्रांती, आणि हे एक दिवसाआड. रोज नव्हे. शेवटच्या दोन आवृत्त्या जड जायला हव्यात. बाराव्या आवृत्तीला तुम्ही शेजारणीशी गप्पा मारू शकत असाल तर तो भार कमी आहे. व्यायामाच्या ओळीने दोन दिवशी तिन्ही वेळा बारा पूर्ण झाल्या की बाटलीत पाणी एक रेघ वर.

आठव्या आठवड्याच्या सुमारास, बाटली सात-आठशे ग्रॅमवर असताना, डोक्याच्या वरचे काम पुन्हा शिकवायला लागतो. तांदूळ भरलेला एक किलोचा डबा छातीच्या उंचीवरून खांद्याच्या वरच्या फळीवर ठेवायचा आणि काढायचा, दोन्ही हातांनी, मग एकट्या उजव्या हाताने, मग दोन किलो. ज्या कामाने दुखणे सुरू झाले त्या कामापर्यंत व्यायाम गेलाच नाही, तर तो अर्धवट राहिला असे मी समजतो, मग भले दुखणे शून्य असो.

सगळ्यांत जास्त गोंधळ होतो तो दुखण्यावरून. “दुखले की थांबा” असे सांगितले तर आठ महिन्यांचा खांदा कधीच सुरू होत नाही, आणि “दुखले तरी करा” असे सांगितले तर काही लोक दात-ओठ खाऊन खांदा पेटवून ठेवतात. मी शून्य ते दहा असे माप देतो, दहा म्हणजे असह्य. व्यायाम करताना चारपर्यंत दुखले तरी चालेल, मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी ते आधीच्या दिवसाइतके उतरलेले हवे आणि रात्रीची झोप आधीपेक्षा बिघडलेली नसावी. सकाळी जास्त असेल तर व्यायाम सोडायचा नाही, बाटली एक-दोन रेघा खाली आणायची. हा नियम साधा दिसतो, पण यातला ‘दुसऱ्या दिवशी सकाळी’ हा भाग महत्त्वाचा आहे, कारण कंडरा अनेकदा काम करताना गप्प राहते आणि रात्री दोन-तीन वाजता हिशेब मागते.

म्हणूनच वही ठेवायला सांगतो. माझ्याकडे एसटीतून निवृत्त झालेले एक वाहक यायचे. त्यांनी चाळीस पानी वही आडवी आखून अगदी मार्गपत्रिकेसारखी केली होती: तारीख, बाटली, आवृत्त्या, दुखणे, सकाळचे दुखणे, आणि शेवटी ‘शेरा’. सहाव्या आठवड्यात ते चिडून आले, की खांदा पुन्हा पहिल्यासारखा झाला, तुमच्या व्यायामात दम नाही. मी वही उघडली. आदल्या शनिवारच्या शेऱ्यात लिहिले होते, “नातवाची सायकल धरून पळालो, तीन फेऱ्या. रात्री २ ला जाग.” त्याच्या वरच्या पाच शनिवारी रात्री जाग आल्याचा आकडा चार, चार, तीन, एक, शून्य असा उतरत आला होता. त्यांनी ते स्वतःच वाचले आणि वही मिटून विचारले, बाटली किती खाली घ्यायची. दोन रेघा, मी म्हणालो. दहा दिवसांत ते परत होते तिथे आले. असे भडके प्रत्येकाच्या वाटेत येतात. वही नसेल तर एक भडका म्हणजे सगळे वाया गेल्यासारखे वाटते.

तुमच्यासाठी मी आठवड्याला तीनच आकडे पाहीन: भिंतीवरची खूण, रात्री किती वेळा जाग आली, आणि बाटलीतले पाणी. पहिल्या तीन-चार आठवड्यांत पहिल्या दोन आकड्यांत थोडा बदल दिसतो, तिसरा नंतर हलतो. बारा आठवडे प्रामाणिकपणे करून यांतला एकही आकडा हलला नाही, तर माझा अंदाज चुकला असे समजून निदान पुन्हा तपासावे. मी रुग्णांना हे पहिल्याच दिवशी सांगतो. बारा आठवड्यांत पूर्ण बरे व्हाल असे मात्र मी म्हणत नाही. आठ महिन्यांच्या दुखण्याला बहुधा चार ते सहा महिने लागतात, आणि झोप, वय, कामाचा ताण, साखर यांवर ते मागेपुढे होते.

इंजेक्शन देणे माझ्या अखत्यारीत नाही, तो निर्णय तुमचा आणि डॉक्टरांचा. मला दिसते ते एवढे, की स्टेरॉइडच्या इंजेक्शनने अनेकांना काही आठवडे चांगला आराम मिळतो आणि वर्षअखेरीस घेतलेल्या व न घेतलेल्यांत फारसा फरक उरत नाही. म्हणून दुखण्यामुळे झोपच लागत नसेल आणि व्यायाम सुरूच करता येत नसेल, तर एक इंजेक्शन घेऊन त्या मिळालेल्या आठवड्यांत बाटली हातात घ्यावी, हा त्याचा चांगला उपयोग. इंजेक्शन घेतले, बरे वाटले, स्वस्थ बसले, सहा महिन्यांनी पुन्हा घेतले, हा वाईट उपयोग, कारण वारंवार दिलेले स्टेरॉइड कंडरेला दुबळी करते. तुम्हाला मधुमेह नाही. असता तर इंजेक्शननंतर काही दिवस साखर वाढते हेही लक्षात ठेवावे लागले असते.

ऑपरेशनबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण तुम्हाला तोही सल्ला मिळाला आहे. खांद्याच्या वरच्या हाडाचे टोक खाली घासते म्हणून कंडरा दुखते, तेव्हा ते टोक तासून जागा करावी, हा विचार अमेरिकन शल्यविशारद चार्ल्स नीर यांनी १९७२ साली मांडला आणि तो पुढची चार दशके जगभर चालला. विचार पटण्यासारखाच होता. मग ब्रिटनमध्ये ३१३ रुग्णांवर एक धाडसी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१८ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. काहींचे हाड तासले, काहींच्या खांद्यात नुसती दुर्बीण घालून बाहेर काढली, काहींना काहीच केले नाही. तासलेल्या आणि नुसती दुर्बीण घातलेल्या गटांत फरक सापडला नाही. काहीच न केलेल्यांपेक्षा हे दोन्ही गट किंचित बरे होते, पण रुग्णाला जाणवावा इतका तो फरक मोठा नव्हता. त्याच्याही आधी, २०१२ साली, स्वीडनमध्ये ऑपरेशनच्या प्रतीक्षायादीतल्या, सहा महिन्यांहून जास्त दुखणाऱ्या रुग्णांना दोन गटांत विभागले होते. सगळ्यांना आधी एक इंजेक्शन दिले. एका गटाने बारा आठवडे रोटेटर कफ आणि पात्याच्या स्नायूंचे टप्प्याटप्प्याने वाढवलेले व्यायाम केले, दुसऱ्याने मान-खांद्याचे सर्वसाधारण, भार न वाढवलेले व्यायाम. शेवटी पहिल्या गटातल्या २० टक्के लोकांनी ऑपरेशन निवडले, दुसऱ्या गटातल्या ६३ टक्के लोकांनी. तुमचे तीन कोर्स मला त्या दुसऱ्या गटासारखे वाटतात.

म्हणून डॉक्टरांना एक प्रश्न जरूर विचारा: ऑपरेशनमध्ये नेमके काय करणार, हाड तासणार की कंडरा शिवणार? नुसते तासायचे असेल तर बारा आठवडे थांबण्यात तुमचे नुकसान नाही. शिवण्यासारखा पूर्ण जाडीचा, म्हणजे आरपार गेलेला, टेअर असेल, विशेषतः तो पडल्यानंतरचा असेल, तर ते वेगळे प्रकरण आहे आणि मी स्वतः अशा रुग्णांना शस्त्रक्रियेसाठी पाठवतो. तुमच्या अहवालात मात्र अर्धवट लिहिले आहे.

एका गोष्टीची कबुली द्यायला हवी, कारण ती माझ्या पोटापाण्याशी निगडित आहे. २०२१ साली ब्रिटनमध्येच ७०८ रुग्णांवर आणखी एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. अर्ध्या लोकांकडून फिजिओथेरपिस्टने सहापर्यंत भेटींत वाढता व्यायाम करून घेतला, अर्ध्यांना एकाच भेटीत नीट समजावून, पुस्तिका देऊन घरी पाठवले. वर्षभरानंतर दोन्ही गट सारखेच सुधारले. आमच्यातल्या अनेकांना हे रुचले नाही. माझा त्यावरून निघालेला निष्कर्ष असा, की सिटिंगचा आकडा महत्त्वाचा नाही, घरी काय घडते ते महत्त्वाचे. तुमच्यासारख्या रुग्णाला मी आता पहिल्या महिन्यात दोनदा-तीनदा आणि नंतर तीन आठवड्यांनी एकदा बोलावतो. तेही वही पाहायला आणि पुढची रेघ ठरवायला.

रोजच्या व्यवहारातले दोन-तीन मुद्दे. झोपताना डाव्या कुशीवर वळा आणि छातीपुढे एक जाड उशी घेऊन उजवा हात पूर्ण तिच्यावर ठेवा. हात पुढे लोंबकळला की खांदा रात्रभर ओढला जातो. पाठीवर झोपायचे असेल तर कोपराखाली घडी केलेली चादर. कणीक मळायला हरकत नाही, फक्त ओटा उंच असेल तर परात खाली घ्या, म्हणजे कोपरे अंगाजवळ राहतील. स्कूटर चालते, पण ती डबल स्टँडवर ओढून लावणे पहिले सहा आठवडे दुसऱ्याकडून करून घ्या. अंबाडा घालताना दुखत असेल तर काही दिवस वेणी खांद्यावरून पुढे घेऊन घाला.

दिवाळीला आता चारेक महिने आहेत. या आठवड्यात सुरुवात केलीत तर साफसफाईपर्यंत तुम्ही तांदळाच्या डब्याच्या टप्प्यावर असाल. तेव्हा माळ्यावरची भांडी दोन दिवसांत उरकण्याऐवजी दहा दिवसांत विभागा, आणि भक्कम स्टुलावर चढा, म्हणजे माळा डोक्यावर न राहता छातीसमोर येईल. पितळी घागरी या वर्षी तरी सासूबाईंच्या मुलाकडून काढून घ्या.